पायातले काळे दाणे

उजव्या पायात बाभळीचा काटा मोडला तेव्हा मी वांग्यांना ओलित करत होते. कारंजा गावाजवळ आमची भाजीची वाडी आहे. नवऱ्याने सुईने काटा काढला, मी हळद दाबली आणि उरलेल्या सऱ्या भिजवल्या. सांगण्यासारखं काही घडलं नाही.

काही महिन्यांनी करंगळीच्या खाली सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती. जो बघे तो एकच विचारी, "दुखते का?" मी नाही म्हटलं की विषय संपे. गावातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. गाठीने त्या मनावर घेतल्या नाहीत. सासूबाईंनी बिब्बा लावला. कातडी भाजली आणि पाय पहिल्यांदा दुखला. अशी चार-पाच वर्षं गेली. गाठ वाढली, मी मोठ्या मापाची चप्पल घेतली.

मग गाठीला बारीक भोकं पडली. एका सकाळी सासूबाई ओसरी झाडताना थांबल्या.

"मोहरी कायले सांडून राह्यली वं?"

"मी नाई सांडली, आत्याबाई."

मोहरीचा डबा बंद होता. काळे दाणे ओसरीवरून न्हाणीपर्यंत गेले होते आणि माझ्या पायाशी संपत होते. पाय दाबला तर आणखी दोन आले. सासूबाईंनी झाडू खाली ठेवला.

नवऱ्याने दाणे कुंकवाच्या रिकाम्या डबीत भरले आणि आम्ही एसटीने अकोल्याला मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पाय बघून त्यांचा चेहरा पडला. डबी बघून त्या खूश झाल्या. एक दाणा काचेवर चिरडून त्यांनी यंत्राखाली धरला.

"ही बुरशी आहे. मातीतली. काट्याबरोबर आत गेली."

"मंग आंगानं तिले मारलं काहून नाई?" मी विचारलं. गावात साधं खरचटलेलं चार दिवसांत भरून येताना मी जन्मभर पाहिलं होतं.

"मारायला गेलं होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आजही तिच्याभोवती आहेत. पण बुरशीने अंगाभोवती काळा, टणक लेप करून घेतलाय. तोच हा दाणा. पेशींना आत शिरता येत नाही आणि त्या परतही जात नाहीत. पाय सुजलाय तो बराचसा त्यांच्या गर्दीने."

नवऱ्याने विचार केला. "म्हंजे पोलीस दारात बसून हायत, आन चोर आत जेवून राह्यला?"

"जवळपास तसंच."

मला भीतीआधी राग आला. माझ्याच पायात इतकी वर्षं एवढा बंदोबस्त चालू होता आणि मला कोणी कळवलं नव्हतं.

एक्स-रेमध्ये करंगळीचं हाड पोखरलेलं दिसलं. पाय राहील का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "आधी गोळ्या, मग ऑपरेशन. मग बघू." 'बघू' हा शब्द मला आवडला नाही.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर आलं. नवरा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "काटा मीच काढला होता."

"बराबर काढला होता तुमी."

"टोक रायलं असंन."

"टोक नोतं रायलं. माती होती." ते मला तरी काय ठाऊक? पण त्यानंतर त्याने डबा उघडला आणि आम्ही भाकरी खाल्ली.

गोळ्या वर्षभर चालल्या. गाठ हळूहळू आवळत गेली, तेव्हा ती कापून काढली. करंगळीही गेली. बाकीचा पाय राहिला. पुढे पुन्हा कितीतरी महिने गोळ्या. आतल्या एखाद्या कोपऱ्यात बुरशी उरली असेल तर ती परत येऊ शकते, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं, म्हणून मी अजूनही दाखवायला जाते. आतापर्यंत आलेली नाही.

नवऱ्याने घरातल्या सगळ्यांना रबरी बूट आणले. पहिल्या दिवशी सासूबाई ते घालून मेथी खुडायला गेल्या आणि बांधावरच घसरून बसल्या. उठल्या, बूट काढून धुतले, पुन्हा घातले आणि वाफ्यात उतरल्या. मी हसले नाही. मलाही अजून त्यात चालता येत नव्हतं.