मिठाच्या गावाला बा

डॉक्टरांनी बाचं मीठ बंद केलं, तेव्हापासून आमच्या घरात जेवणाची वेळ आली की धाकधूक व्हायची. बा म्हणजे माझे वडील आणि याडी म्हणजे आई. आम्ही बंजारा, दिग्रसजवळच्या तांड्यातले. घरात आम्ही गोर बोली बोलतो. इथं ते बोलणं मी आमच्याकडच्या मराठीत उतरवते आहे. रक्तदाब फार वाढलाय, मीठ सोडलं नाही तर एखाद्या दिवशी अर्धं अंग जाईल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. बाने मीठ सोडलं, पण त्याच्यासोबत जेवणही सोडलं. दोन घास खायचा आणि ताट सरकवायचा. "बैलाले बी मीठ चाटाले देतो आपन. मी काय बैलापेक्षा गेलो?" म्हणत उठायचा. हिवाळा संपेस्तोवर सदरा त्याच्या अंगावर नुसता लोंबायला लागला. रक्तदाब राहू दे बाजूला, ही उपासमारच त्याला नेईल, अशी मला भीती वाटत होती.

तूर घरात आली तेव्हा मी म्हटलं, बा, कुठेतरी हवापालटाला जाऊ. मला वाटलं, आमच्या लोकांचं तीर्थ, पोहरादेवी म्हणेल.

"समुद्रावर ने," बा म्हणाला. "मले मीठ पाहाचं हाय."

याडीने कपाळावर हात मारला. "डॉक्टर म्हनते मीठ तोडा, अन् तू तुह्या बाले मिठाच्याच गावाले घेऊन चालली? काहून त्याच्या जिवावर उठली वं?"

पण बाचं मागणं मला कळत होतं. एके काळी आमचे लोक बैलांच्या पाठीवर गोण्या लादून समुद्रकाठचं मीठ मुलुखभर पोचवायचे. त्या प्रवासाला लदेणी म्हणायचे. पुढे रेल्वे आली, बैलांच्या पाठी मोकळ्या झाल्या आणि आम्ही कापूस पेरायला लागलो. बाने लदेणी पाहिलेली नाही. त्याच्या आज्याने सांगितलेलं तेवढं त्याच्याजवळ आहे, आणि ते तो आम्हाला इतक्यांदा ऐकवतो की आम्ही त्याच्याआधी पुढचं वाक्य म्हणतो.

शनिवार-रविवारला जोडून मी शिकवते त्या शाळेत रजा टाकली आणि आम्ही तिघं रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात पोचलो. घर कौलारू होतं, जमीन सारवलेली, मागे नारळ-सुपारीची वाडी. घरमालकीण दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची. न्हाणीला नारळाच्या झापांचा आडोसा, वर उघडं आभाळ. आमच्याकडे मार्चात सागाची पानं गळून डोंगर उघडे पडतात. इथं भर दुपारी अंगणात गार सावली. मी अंघोळ करून नुसती त्या वाडीत बसून राहिले. इतकं हिरवं, इतकं निवांत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. याडी मात्र विहिरीत डोकावून आली आणि म्हणाली, "एवढं वर पानी! हात घातला तरी लागते. अन् हे लोक वाडग्यानं अंगणात शिंपडून राह्यले."

संध्याकाळी समुद्रावर गेलो. बाकीचे पाहुणे सूर्याचे फोटो काढत होते. बा मान खाली घालून वाळूतून चालत सुटला. बरंच पुढे गेला, परत आला, धोतर भिजलेलं.

"मीठ कुठी हाय?"

कापूस जसा बोंडात असतो तसं मीठ काठावर पडलेलं असतं, माणसानं जायचं आणि गोळा करायचं, असं त्याने जन्मभर धरलं होतं. याडी हसता हसता वाळूत बसली. बाचा चेहरा मात्र उतरला. रात्री त्याने घरमालकिणीच्या हातचं नुसतं भाताचं पाणी घेतलं. तिला वाईट वाटलं. कारण कळल्यावर ती म्हणाली, "मग उद्या सकाळी मिठागरात घेऊन जाते ना मी त्यांना."

मिठागर पाहून बा बांधावरच उभा राहिला. चौकोनी वाफे, त्यांत थोडं थोडं पाणी सोडलेलं, वर ऊन, आणि एक बाई लांब दांड्याच्या फळीने पांढरं मीठ ओढून ढीग लावत होती.

"हे तं शेतीच हाय," बा म्हणाला. "पाऊस आला तं?"

"पाऊस आला की सगलं पान्यात," ती बाई म्हणाली.

"आमचं न आल्यानं जाते, तुमचं आल्यानं." बा पहिल्यांदा हसला.

तिने कौतुकाने ओंजळभर मीठ उचलून त्याच्यापुढे धरलं. बाने झटकन हात मागे घेतले. तिचा चेहरा पडला. याडीने घाईघाईने सांगितलं, "बाई, राग नोको मानू. आमच्यात हातावर मीठ घेत नाईत, भांडन होते म्हनते."

"अगो बाई! आमी तर दिवसभर हातानंच देतो. तरीच आमच्या घरात भांडनं मिटत नाय!" म्हणून ती खळखळून हसली, आणि मीठ याडीने पसरलेल्या फडक्यावर ओतलं.

बाने त्यातला एक खडा उचलला. आता तोंडात टाकतो की काय, म्हणून याडी आणि मी पाहत होतो. खडा त्याने उन्हात धरला, नाकाजवळ नेला, बराच वेळ हुंगला, आणि फडक्यावर परत ठेवला. मग म्हणाला, "एक पोतं भरा."

ते लहानसं पोतं त्याने मला उचलू दिलं नाही. बसमध्ये मांडीवर, रेल्वेत उशाला. उन्हातान्हात धाप लागायची, तरी खांदा बदलून चालायचा. मी रागावले, तर म्हणाला, "बैल नाई राह्यले, पाठ तं हाय!"

तांड्यात आल्यावर पाणी प्यायच्या आधी त्याने सूप मागितलं. घरोघरी गेला आणि प्रत्येकीच्या ताटलीत मीठ ओतून आला. "समुद्रावून आनलं," एवढंच सांगायचा. परत आला तेव्हा सूप रिकामं आणि पोतंही रिकामं. घरासाठी चिमूटभर ठेवलं नव्हतं. तांडाभर चुली पेटल्या होत्या.

याडीने भीत भीत त्याच्यापुढे अळणी भाजी ठेवली. बाने भाकरी मोडली आणि खायला लागला. पहिला घास, दुसरा, तिसरा. ताट सरकवेना. याडीला राहवलं नाही.

"मीठ नाई त्याच्यात."

"मालूम हाय मले," बा म्हणाला. "लदेणीवाला सोतासाठी रस्त्यात गोणी फोडत नसते." आणि भाकरीसाठी हात पुढे केला.