प्रफुल्लचा न ऐकलेला सोलो

वणीत चंद्रपूर रोडवर कुणालाही विचारा, प्रफुल्लचं गॅरेज कुठे. माणूस हात लांब करून गॅरेज दाखवेल आणि मग, तुम्हाला कितीही घाई असली तरी, पुढची गोष्ट ऐकवेलच. हा माणूस आज ट्रकचे पाटे बदलतो, पण मुळात गिटारवाला. संजयनं त्याचा सोलो खाल्ला नसता तर आज कुठल्या कुठे असता. नेमका कुठे असता, ते कुणी सांगत नाही. नागपूरच्या पुढे आपल्याकडची कल्पना सहसा जात नाही.

आता ही गोष्ट गावाला सांगितली कुणी? खुद्द प्रफुल्लनं. आणि तीही एकदा नाही, तर गेली पंचवीस-तीस वर्षं, समोरच्या टपरीवर चहाबरोबर.

झालं होतं असं. ऐन तारुण्यात प्रफुल्लनं तीन दोस्त जमवून याच गॅरेजात 'डिप्पर' नावाचा बँड काढला. ड्रमसेट अर्धा विकतचा आणि अर्धा ग्रीसच्या डब्यांचा. गिटार नागपूरहून जुनी आणलेली. तिचा आवाज एका भोंग्यातून असा फाटून बाहेर यायचा, की रस्त्यावरचे ड्रायव्हर आपलंच इंजिन बिघडलं समजून गाडी बाजूला घ्यायचे. गायला संजय. राजूरच्या पलीकडच्या तांड्यातला, खणखणीत गळ्याचा. निवेदनही तोच करायचा, आणि आपल्याकडे निवेदनाचं काम गाण्याहून मोठं. बक्षीस देणाऱ्याचं नाव गाणं चालू असतानाच पुकारावं लागतं. गाणं संपल्यावर पुकारलं तर माणसाला उष्ट्या पत्रावळीवर वाढल्यासारखं वाटतं. म्हणून बँड ठेका हळू करतो, नावं होतात, मग गाणं पुढे सरकतं.

त्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात 'डिप्पर'नं स्वतःचं गाणं वाजवलं. मधोमध प्रफुल्लचा सोलो होता, म्हणजे गायक गप्प आणि एकट्याची गिटार. सोलोची वेळ झाली आणि संजय माइकवर आला. राजूरचे भावसिंग यांच्याकडून बक्षीस. बोरी अरबचे पाहुणे इंद्रजीत यांच्याकडून बक्षीस. नावं संपता संपेनात, आणि संपली तोवर सोलोची जागा निघून गेली होती. कुणीतरी टेपवर कॅसेट भरली, तिच्यातही तेच उतरलं. बँड मोडला, आणि दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच.

"नावायच्या खालून वाजून राह्यला होता माह्या सोलो," प्रफुल्ल डोळे मिटून सांगायचा. "कान असला तर ऐकू येते." टपरीवरची माणसं मान डोलवायची. कान नाही असं चारचौघांत कबूल कोण करणार?

यंदा उन्हाळ्यात राजूरची वैष्णवी गॅरेजात आली. तिचे वडील खाणीत, आणि ती 'ओव्हरलोड' नावाच्या बँडात ड्रम बडवते. त्या पोरांनी जिल्ह्यातल्या बँडांचा एक अल्बम करायला घेतला होता. दिग्रस, पुसद, बोरी अरब, कुठून कुठून जुन्या कॅसेटी गोळा केल्या होत्या. एक गाणं जुन्या बँडाचं, एक नव्याचं, असं आलटून पालटून. अट एकच, गाणं गॅरेजात किंवा शेडमध्ये घडलेलं पाहिजे.

"मामा, तुमचं गाणं पह्यलं टाकतो," वैष्णवी म्हणाली.

"पण त्यात संज्यानं घाण केली ना."

"त्याचं टेन्शन नका घेऊ. आता कॉम्प्युटरवर आवाज सुटे होते. संजयकाकाले काढून टाकतो. खाली तुमची गिटार साफ ऐकू येईन."

प्रफुल्लनं कॅसेट दिली. संध्याकाळपर्यंत टपरीला, पेट्रोल पंपाला आणि दोन गिऱ्हाइकांना कळलं, की सोलो एकदाचा मोकळा होणार. तो पेढे घेऊन घरी गेला.

दीपानं, म्हणजे बायकोनं, पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "पण तुमची तं तार तुटली होती ना?"

त्या कार्यक्रमाला दीपा पहिल्या रांगेत होती. लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा, त्यामुळे ती गाण्याकडे कमी आणि गिटारवाल्याकडे जास्त पाहत होती. सोलोच्या पहिल्याच फटक्याला तार तुटली, हे तिनं नीट पाहिलेलं. राहिलेल्या पाच तारा शाबूत होत्या म्हणा, पण पठ्ठ्यानं अख्खा सोलो त्या एकाच तारेवर बसवला होता. तो नुसता हात हलवत उभा राहिला. संजयनं ते पाहिलं, माइक ओढला आणि सुचतील ती नावं पुकारत सुटला. त्यातल्या निम्म्यांनी बक्षीस दिलंच नव्हतं. पण गंमत पाहा, मी दिलं नाही असं सांगायला एकही माणूस पुढे आला नाही.

दुसऱ्या दिवशी लोकांनी विचारलं, सोलो कुठे गेला? प्रफुल्ल म्हणाला, संजय मधात आला. खोटं तर नव्हतं. मग वर्षागणिक त्यावर चांगली जाड साय धरली.

आता मात्र संजयचा आवाज काढला की खाली काय निघणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मोटरसायकल काढून तो राजूरला संजयच्या मंडप-साउंडच्या दुकानात पोचला.

संजयनं मान वर केली. "काय बे, रस्ता चुकला काय? का माह्यानं अजून काही खाल्ल्या गेलं तुह्यं?"

"ते पोरगी गाण्यातून तुह्या आवाज काढून राह्यली."

"काढू दे. एवढे वर्ष तेच तं पाह्यजे होतं तुले."

"संज्या, खाली काहीच नाही बे."

"मले कायले सांगतं? मी तिथंच होतो." संजयनं वायरचं भेंडोळं बाजूला ठेवलं. "मंग तूच सांग तिले. सगळ्यायच्या समोर. म्हण, संजयचा आवाज राहू दे."

रविवारी गॅरेजात ऐकण्याचा कार्यक्रम ठेवला होता. टपरी अर्धी रिकामी करून लोक आले. वैष्णवीनं लॅपटॉप उघडला. "आधी जुनं ऐका, मंग साफ केलेलं." जुनं वाजलं, संजयची नावं खणखणली, गाणं संपलं. आता ती दुसरं लावणार, तेवढ्यात प्रफुल्ल उठला.

"राहू दे, बाई. संजयचा आवाज काढू नको. ते नावं हायेत म्हणून गाणं हाये."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "दिल पाह्यजे बावा असं." टाळ्या पडल्या. ज्याचा सोलो खाल्ला, त्यानंच माफ केलं! संजय कोपऱ्यात उभं राहून माफी स्वीकारत होता. साफ केलेलं गाणं वैष्णवीनं सकाळीच ऐकलेलं होतं. तिनं प्रफुल्लकडे जरा वेळ पाहिलं, "बरं मामा," म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

अल्बम इंटरनेटवर आला. 'ओव्हरलोड'च्या पोरांनी जीव तोडून वाजवलेलं मागे पडलं आणि 'डिप्पर'चं गाणं घरोघर वाजलं. ज्यांची नावं होती, त्यांच्या घरी जास्तच. टपरीवर प्रफुल्लला आता चहा फुकट मिळायला लागला, मोठ्या मनाचा माणूस म्हणून. तो त्याला पचेना. एक दिवस त्यानं संजयला टपरीवर बोलावून घेतलं आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं.

"खरं सांगून टाकू काय रे लोकायले?"

"सांग ना," संजय चहा फुंकत म्हणाला. "पण आधी भावसिंगच्या पोराकडे जाय. त्यानं बापाच्या नावाची रिंगटोन केली. बाप वारल्यापासून तेवढंच तं हाये त्याच्यापाशी, माइकवरचं नाव. त्याले सांग, तुह्या बाप त्या दिवशी आलताच नाही म्हणून."

प्रफुल्लनं चहा बशीत ओतला. "भावसिंग खरंच नव्हता आलता?"

"नाही बे. त्या दिवशी सकाळी चौकात बैल घेऊन चालला होता. तेच नाव सुचलं मले."

प्रफुल्लनं बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "मंग राहू दे."