पंप देणार नाही

फुस्स. फुस्स. फुस्स.

माझा दम्याचा पंप त्याच्या हातात होता आणि तो दाबत होता. डोक्याच्या वर धरून, सगळ्या वर्गाला दिसेल असा. औषध हवेत उडत होतं. पोरी खिदळत होत्या.

"बघा, मॅडम हवा पितात," तो म्हणाला. "भोसरीत मिळत नाही वाटतं."

आठवीत होते मी. निगडी प्राधिकरणातली बंगलेवाल्यांची शाळा, राखीव जागेवर मिळालेला फुकट प्रवेश. तो खेळाचा शिक्षक. सगळे त्याला सर म्हणायचे, मीही म्हणायचे. हे सांगताना म्हणणार नाही. अहो-जाहोही करणार नाही.

त्या दिवशी कबड्डीच्या टीमची निवड होती. मला कबड्डी यायची. आमच्या भोसरीतल्या खोल्यांमागच्या मोकळ्या जागेत आम्ही रोज तेच खेळायचो. त्यानं पंप संपवला, माझ्या पायाशी टाकला आणि म्हणाला, "जा आता चढाईला. दम दाखव."

गेले. कबड्डी कबड्डी म्हणत रेषा ओलांडली आणि छाती आवळली. गळ्यातून शिट्टी वाजायला लागली. मी मातीत बसले.

"नाटक," तो म्हणाला.

ओठ निळे पडले तेव्हा शाळेतल्या मावशी धावत आल्या. त्यांनी आईला फोन लावला, रिक्षा बोलावली. आई जवळच एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायची. ओल्या साडीनिशी आली. मला रिक्षात घालत होती, तर तो गेटवर येऊन तिला म्हणाला, "तुमच्या खोल्याच घाण. म्हणून असले रोग. झेपत नसेल तर अशा शाळेत पाठवता कशाला?"

आईनं हात जोडले. "चुकलं सर. पोरीला काढू नका शाळेतून."

तडफडत होते मी. तरी दिसत होतं. ते जोडलेले हात. औषधानं छाती मोकळी झाली, ते हात डोळ्यांपुढून गेले नाहीत.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आधी आईवरच चिडल्या. कारण रोज घ्यायचा पंप आम्ही कधीच बंद केला होता. सवय लागते म्हणे. दुसरा, दम लागल्यावरचा, घरी पिठाच्या डब्यामागे असायचा; त्या दिवशी निवड होती म्हणून मी तो सोबत नेला होता. पाहुण्यांना दिसला तर पोरीचं लग्न कसं जमायचं?

"सवय लागत नाही," बाई म्हणाल्या. "हा रोजचा. बरं वाटलं तरी सोडायचा नाही. घेतला की चूळ भरायची. आणि हा निळा, दम लागल्यावर. हा कायम जवळ."

"कबड्डी?" मी विचारलं.

"खेळ की. दमा ताब्यात ठेव आणि खेळ. निळा कुठाय तुझा?"

आईनं मान खाली घातली. मी सांगितलं. बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "जीव गेला असता पोरी."

जीव गेला असता. तोवर मला वाटायचं, चूक माझी. माझ्या छातीची, आमच्या खोलीची. तिथं, त्या लोखंडी खाटेवर मला कळलं. आजार माझा होता. गुन्हा त्याचा होता.

मग मी दम्याचा अभ्यास केला. कशानं उचल खातो ते शोधलं. शेजारच्या शेडमधला रंगाचा वास. थंडीतली सकाळ. झाडताना उडणारी धूळ. पंप रोज घेतला, पाहुण्यांच्या तोंडावर घेतला. राग होता म्हणून एकदाही चुकला नाही.

पुढच्या वर्षी ग्राउंडवर त्यानं पुन्हा हात पुढे केला. "पंप दे इकडं."

"नाही."

"काय म्हणालीस?"

"देणार नाही. मागच्या वेळी दिला तर दवाखान्यात गेले."

कुणी हसलं नाही. त्यानं आईला बोलावलं. मुख्याध्यापिकेच्या केबिनमध्ये आईचे हात सवयीनं वर आले. मी ते धरले. घट्ट. आईनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. म्हणाली, "सर, माझ्या लेकराचं औषध तुम्ही का सांडलं?"

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सर तापट आहेत, पण मनानं चांगले." मला टीममधून काढलं. त्याला काहीच झालं नाही.

मी भोसरीतल्या मंडळाकडून खेळायला लागले. आता चाकणच्या कंपनीत शिफ्ट करते आणि मंडळाची चढाई माझ्याकडं आहे. यंदा आम्ही फायनल जिंकलो. बक्षीस द्यायला प्रमुख पाहुणा म्हणून तोच. माझं नाव ऐकताच माइकवर म्हणाला, "ही माझी विद्यार्थिनी! मीच घडवलं हिला."

मी माइक मागितला. त्यानं हसत दिला.

मी सांगितलं. पंप, फुस्स, निळे ओठ, आईचे हात. शाळेचं नाव, त्याचं नाव. सगळं. कुणीतरी मोबाइल वर धरला. त्याचा चेहरा उतरत गेला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. फार बरं वाटलं.

स्टेजमागं त्यानं मला गाठलं. "अगं, जुन्या गोष्टी. पोरांची मस्करी होती. माझीही इज्जत आहे. माफ करून टाक."

"नाही," मी म्हणाले. "हे तर पहिलंच स्टेज होतं. तुम्ही जिथं हारतुरे घ्यायला चढाल, तिथं मी येणार. माझी आईसुद्धा येणार."