कडीमामांची वीत

ठेंगू माणसाचं डोकं फार तर उंच माणसाच्या कमरेला लागतं. ‘ठेंगू’ हा शब्द उंच लोकांनी चिडवायला काढला होता. ठेंगूंनी तो खुशाल वापरायला घेतला आणि उंच लोकांना ‘लांबडे’ म्हणून फिटंफाट केली. त्यात त्यांना कमीपणा कधी वाटला नाही. कमीपणा वाटायचा तो साठी उलटल्यावर. कारण साठीनंतर ठेंगू माणूस आणखी बुटका व्हायला लागतो, दोन-तीन वर्षांत एखादं बोट, कधी दोन. ते याला ‘उतरणं’ म्हणतात आणि शक्यतो दबक्या आवाजात म्हणतात.

म्हणूनच ठेंगूंच्या प्रत्येक गल्लीला एक कडीवाला लागतो. त्यांच्याकडे दाराची कडी उंचावर असते, पोरांचा हात पोचू नये म्हणून. पण घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाचा हात तिथं पोचलाच पाहिजे. आपल्याच घराचं दार उघडायला थोरल्यांनी कुणाची मनधरणी करायची नाही, असा नियम आहे आणि तो फार शहाणा नियम आहे. थोरलं माणूस उतरलं की कडीवाल्याला बोलवायचं, कडी-कोयंडा खाली घ्यायचा, जुन्या भोकांत लाकडी खुंट्या ठोकायच्या, घरात काहीतरी गोड करायचं आणि तो विषय पुन्हा काढायचा नाही.

या गल्लीचे कडीवाले म्हणजे कडीमामा. वय एकाहत्तर, धंद्यात सेहेचाळीस वर्षं, बोलणं कमी आणि मान ताठ. ते थोरल्यांना कधी ‘हात वर करा’ म्हणाले नाहीत. म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या दाराशी हात ताणायला लावणं म्हणजे त्याचा अपमान. थोरल्यांनी दाराला पाठ लावून आरामात उभं राहायचं आणि मामांनी टाचेपासून टाळूपर्यंत आपल्या वितीनं मोजायचं. माप मागच्यापेक्षा कमी भरलं, तर कडी तेवढी खाली. टेप वापरा म्हणून कुणी सुचवलं की मामा म्हणत, “माणूस म्हणजे काय कापड आहे?” गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांची मापं त्यांना तोंडपाठ होती. स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाची आठवण मात्र सुनेला करून द्यावी लागायची.

या धंद्याचा एक कडक नियम आहे. कडीवाल्याच्या स्वतःच्या घरची कडी ज्या दिवशी उतरते, त्या दिवशी त्यानं हत्यारं खाली ठेवायची. उतरलेल्या हाताचं माप धरत नाहीत. मामांना या नियमाची मनातून भीती वाटायची. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगा जहाजावर, घरात ते आणि सून. पेटी उचलून बाहेर पडायचं नसेल, तर सकाळी उठायचं तरी कशाला, हा प्रश्न त्यांना पडे आणि ते तो झटकून टाकत. गेली दोन वर्षं ते घरची कडी टाचा उचलून काढत होते. गुडघा धरतो, असं ते स्वतःला सांगत.

आणि याच दोन वर्षांत गल्लीत नवल घडलं होतं. कुणी उतरतच नव्हतं. मामा माप घ्यायचे, भुवया उंचावायचे आणि म्हणायचे, “तसेच आहात.” ऐकणाऱ्याला स्वर्ग दोन बोटं उरायचा. सात घरांत सात म्हातारे-म्हाताऱ्या खूश होत्या. हवा मानवली, पाणी चांगलं, असं जो तो सांगत सुटला होता.

मग एके दिवशी दुपारी शिंपीणबाईंच्या घरातून धूर आला. बाई ऐंशीच्या, एकट्याच राहायच्या. कोटावर इस्त्री तशीच ठेवून त्या दोरा शोधायला गेल्या आणि कोटानं पेट घेतला. खोली धुरानं भरली. बाईंनी कडीसाठी हात वर केला, तर कडी हाताला लागेना. मामांची सून खिडक्यांची सुतारीण. ती दोन घरं पलीकडे काम करत होती. तिनं धावत येऊन खिडकीची चौकट उचकटली आणि बाईंना बाहेर ओढलं.

मामा पेटी घेऊन पोचले तेव्हा धूर ओसरला होता आणि बाई घरात येऊन जळका कोट निरखत बसल्या होत्या.

“गेल्याच महिन्यात मी मोजलं होतं,” मामा म्हणाले. “आठ वीत दोन बोटं. दोन वर्षांपूर्वीही तेवढंच होतं.”

बाई मुकाट्यानं दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. मामांनी मोजलं. आठ वीत दोन बोटं. पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, माप काही हलेना. मग सेहेचाळीस वर्षांत जे कधी म्हटलं नव्हतं ते त्यांनी म्हटलं.

“बाई, जरा हात वर करा.”

बाईंनी हात वर केला. बोटांची टोकं आणि कडी यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं.

मामांच्या हातोडीच्या दांड्यावर दोन खाचा होत्या. ते धंद्याला लागले त्या दिवशी त्यांच्या वस्तादानं त्यांच्या वितीची खूण म्हणून कोरलेल्या. त्या बघायची गरज मामांना कधी पडली नव्हती. वीत काय हरवणारी वस्तू आहे? आता त्यांनी एका खाचेवर अंगठा ठेवला आणि करंगळी ताणली. करंगळी दुसऱ्या खाचेच्या पाव बोट अलीकडे थांबली. एका वितीला पाव बोट, तर आठ वितींना दोन बोटं. बाई उतरत होत्या आणि त्यांना मोजणारा हातही बरोबरीनं उतरत होता, म्हणून माप तेवढंच भरत होतं.

“तुम्हाला कळत होतं?” त्यांनी विचारलं.

“मला काय हात नाही?” बाई म्हणाल्या. “पण तू ‘तशाच आहात’ म्हणालास की बरं वाटायचं रे. या वयात असं कोण म्हणतं?”

“मग दार कसं उघडत होता?”

“स्टूल ठेवते. सगळ्यांकडे आहे. गुरुजींकडे तर एकावर एक दोन. आज धुरात मेलं सापडलं नाही.” मग त्यांनी आवाज खाली घेतला. “माझी कडी गुपचूप उतरव. बाकीच्यांची एकेक करून उरक सावकाश. कुणाला काही कळायचं नाही. तुझा धंदाही राहील.”

मामांच्या मनात ते आलं नाही असं नाही. चांगलं घोटभर पाणी पिऊन होईपर्यंत ते मनात होतं. पण गल्लीतले शहाऐंशी वर्षांचे गुरुजी दोन स्टुलांवर उभे आहेत, हे चित्र काही डोळ्यांपुढून हलेना. ते पेटी उचलून घरी आले.

सून हातावरची काजळी धूत होती.

“तुला ठाऊक होतं?”

“तुम्ही टाचा उचलून दार उघडता, ते रोज बघतेय, बाबा.”

“मग बोलली का नाहीस?”

“सकाळी पेटी उचलताना तुमचा चेहरासुद्धा बघते ना,” ती म्हणाली. “धीर झाला नाही. आज बाईंना ओढून काढलं, तेव्हापासून माझंच मन मला खातंय.”

मामा दाराला पाठ लावून उभे राहिले. “घे माप. तुझ्या वितीनं.”

तिनं हातोडीवरच्या खाचांशी आपली वीत ताडली, मोजलं, वर कडीकडे पाहिलं, पुन्हा मोजलं. “तीन बोटं कमी.”

“नीट बघ.”

“नीटच बघितलं, बाबा.”

मामांनी हातोडी तिच्या हातात दिली. खिळे निघून पुन्हा ठोकले जाईपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांना रडू येत होतं आणि ते त्यांनी येऊ दिलं.

मग दोघं गुरुजींकडे गेली. दार वाजवल्यावर आत आधी स्टुलांची खडखड झाली, नंतर कडीची.

“ये मामा,” गुरुजी दारात येऊन हसत म्हणाले. “मी तसाच आहे ना?”

“नाही, गुरुजी. तुम्ही उतरलात. मीपण उतरलोय. दोन वर्षं मी चुकीचं सांगत होतो.”

गुरुजींचा चेहरा पडला. “चालता हो,” म्हणत त्यांनी दार धाडकन लोटलं. आत स्टूल सरकवल्याचा आवाज आला, दुसरं त्यावर चढवल्याचा आला आणि मग काहीच आवाज येईना. कडी लागलीच नाही.

“मामा,” दाराआडून हाक आली. “आहेस का गेलास?”

“आहे.”

“किती उतरलो?”

“मोजल्याशिवाय कसं सांगू? आणि मोजायचं आता हिनं. माझा हात चालत नाही.”

मग दार उघडलं. दोघं आत गेल्यावर गुरुजींनी दार लोटलं, त्याला पाठ टेकली, टाचा जुळवल्या आणि मान सरळ केली.

“घे गं,” ते सुनेला म्हणाले. “आणि मामा, तू असा माझ्यासमोर उभा राहा. एकट्याला लाज वाटते.”

मामा पेटी खाली ठेवून त्यांच्यासमोर उभे राहिले.