फिनॉलचा वास

प्रयोगशाळेत त्यांना सगळे भस्मेबुवा म्हणत. आडनाव वेगळंच होतं. पण लोखंड, तांबं, व्हॅनेडियम, हाती लागेल त्या धातूचं भट्टीत भस्म करणाऱ्या माणसाला दुसरं म्हणणार तरी काय? बुवा सडाफटिंग. घरी वाट पाहणारं कोणी नाही, म्हणून भट्टीशीच संसार थाटलेला.

काम सांगायला सोपं. बेंझिनला ऑक्सिजनचा एकच अणू जोडून द्यायचा, की झालं फिनॉल. धातूच्या ऑक्साइडची पूड ही त्यातली मध्यस्थ: लग्न जुळवून द्यायचं आणि आपण कोरडं राहायचं. पण फिनॉल एका ऑक्सिजनवर थांबेल तर शपथ. आणखी घेत सुटायचं आणि पार जळून, वायू होऊन उडून जायचं. बुवा नवी पूड खलात घोटत, भट्टीत भाजत, काचेच्या नळीत भरत, तिच्यातून बेंझिनची वाफ सोडत, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हाती धुपाटणं.

या भट्टीपायीच ताई तुटली. थोरली बहीण, आईच्या मागे तिनेच यांना वाढवलं. तिचा नवरा गेला तेव्हा बुवा पोचले ते सगळं आटोपल्यावर. पूड निम्मी भाजून झाली होती, आणि भट्टी मध्येच बंद केली तर सगळी वाया जाते. ताईने दारातच ऐकवलं, "तुझं ते फिनॉल एकदाचं होऊ दे. झालं की मगच फोन कर."

बुवा शब्दाचे पक्के. कितीदा तरी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला, कारण सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं. फार एकटं वाटायचं त्यांना. सुट्टीच्या दिवशी तर संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलायची वेळ यायची नाही.

एका दुपारी ते जेवून परतले आणि दारातच थबकले. फिनॉलचा तो उग्र, गोडसर वास खोलीभर पसरला होता. नळीत नवी पूड सकाळीच भरलेली. आधी नमुना यंत्रावर तपासायचा, हे ते जन्मभर इतरांना बजावत आलेले. आज स्वतःच विसरले. नंबर मात्र तोंडपाठ होता.

"ताई, झालं गं."

पलीकडून ताई म्हणाली, "जेवलास का?"

आणि बोलतच सुटली. गुडघे, जिना, भाचीचं बाळ. बुवा नुसते हं हं करत होते. तेवढ्यात सफाईवाल्या बाई बादली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, जपून, फरशी ओली आहे, आज नवीन औषध घातलंय पाण्यात. बुवांनी बादलीवर वाकून पाहिलं. वास तोच.

गप्प बसले असते तर ताईला काय कळणार होतं? पण बुवांना ते जमेना. त्यांनी सांगून टाकलं, की झालं नाही, फरशीचा वास होता. आता ती फोन ठेवणार, असं धरून ते उभे राहिले.

"मी रागाने बोलले होते रे," ताई म्हणाली. "तू खरंच तेवढ्यासाठी थांबलास?"

"हो."

"आणि मी इकडे फोनकडे बघत बसले." मग तिने विचारलं, "आत्ता भट्टी चालू आहे?"

"आहे. पुढची पूड निम्मी भाजून झालीय."

बुवांनी हात लांब करून भट्टीचं बटण बंद केलं. मग तिला म्हणाले, "निघतोच," आणि खिशात किल्ल्या चाचपू लागले.