गंधोदक आणि माझे तळवे

माझ्या पायांचे तळवे जळायला लागून दहा वर्षं झाली होती आणि ते कुणालाच दिसत नव्हतं. ना फोड, ना सूज, ना ताप. बेळगावच्या कॅम्पातल्या गोऱ्या डॉक्टरानं टाचणी टोचून पाहिली आणि काही नाही म्हणून निपाणीला परत पाठवलं. माझ्या सासूबाईंना, आत्तींना, तेवढंच हवं होतं. "पूर्वीचं कर्म हाय तिचं," असं त्या चार बायकांत सांगत. मला त्यांचा राग येई, आणि खरं सांगायचं तर देवाचाही येई.

आमच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, रोज मूर्तीच्या अभिषेकाचं पाणी, गंधोदक, कपाळाला आणि डोळ्यांना लावायचं. बेंबीखाली त्याचा थेंबही लागू द्यायचा नाही, हा कडक नेम. आणि माझे तर तळवेच जळत होते. एके सकाळी मी वाटीभर गंधोदक पदराआड लपवून नेलं आणि बस्तीमागच्या ओढ्याशी बसून पायांवर ओतलं. आग तसूभरही कमी झाली नाही. मान वर केली तर एक अनोळखी बाई घागर घेऊन उभी. तंबाखूच्या वखारीत राबणारी असावी, हातांना तसा वास होता. आता ही गावभर सांगणार आणि मला बस्तीची पायरी बंद होणार, या भीतीनं मी वाटी पदराखाली सरकवली.

ती खाली बसली. "लई जळतंय व्हय, आक्का?" एवढंच तिनं विचारलं. मग माझे पाय मांडीवर घेऊन घागरीतलं साधं पाणी सोडत राहिली. जळणं थांबलं नाही, पण मी पोटभर रडले. तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि ती मला पुन्हा कधी दिसलीही नाही.

पुढे म्हातारपणी आत्तींचे पाय जळू लागले. दोन दिवस मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "पूर्वीचं कर्म हाय, आत्ती," असंही म्हणाले, आणि म्हणताना बरं वाटलं, हे लपवत नाही. तिसऱ्या दिवशी तांब्या घेऊन त्यांच्या पायाशी बसले. मनात माया नव्हती, रागच होता. तरी तोंडून निघालं, "लई जळतंय व्हय?"

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. "तुझंबी असंच हुतंय व्हय गं?"

एवढं विचारायला त्यांना वीस वर्षं लागली. मी "व्हय" म्हणाले आणि पाणी सोडत राहिले. माझे तळवे आजही जळतात. का जळतात, हे भगवंताला विचारणं मी त्या दिवशी सोडलं. ओढ्यावर त्या बाईला पाठवलंस, म्हणून मात्र रोज हात जोडते.