पंपाची दांडी

एका मंगळवारी बाबा गेले. त्यानंतर दोन महिने त्यांची कार्बोरेटरची गाडी दारात उभी राहिली आणि मी सुरू करायला गेले तेव्हा सुरू होईना. पेट्रोल वर चढत नव्हतं. भाऊ म्हणाला, भंगारात देऊन टाक. मी दुकानदाराच्या सांगण्यावरून नवा विजेचा पंप घेतला आणि गाडी ओढून गौलीगुडा भागातल्या एका दखनी बोलणाऱ्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली.

त्यांनी पंप तळहातावर तोलला आणि हसून परत दिला. "इत्ता जोर नक्को, अम्मा. इने घोट-घोट पीती. ये लगाए तो पेट्रोल में नहाती."

मग त्यांनी जुना पंप उघडून आतला रबरी पडदा उन्हात धरला. तो चिरला होता. नवा पडदा बसवून त्यांनी पंपाच्या तोंडावर अंगठा ठेवला आणि त्याची हाताने पेट्रोल चढवायची छोटी दांडी डोळे मिटून हलवत राहिले, नाडी बघावी तसे. पेट्रोलच्या वासात दुपार सावकाश तरंगत होती.

"पण भरवशाचा विजेचाच ना?" मी विचारलं.

"उने इंजन मरे बाद बी ढकेलताच रहता. इने पुराना इंजन के साथ रुक जाता. गाडी खडी रही तो हात से चार बार हलाना, बस." दांडीच्या गुळगुळीत टोकावरून त्यांनी बोट फिरवलं. "कोई तो बी रोज हलाते थे."

रोज सकाळी बाबा बॉनेट उघडून वाकत, तेव्हा मला वाटे, ते नुसतेच बघताहेत.

आता दर रविवारी मी ती दांडी चार वेळा हलवते. गाडी सुरू होते.